पाणी उबदार होईपर्यंत

उमापाता, सोमवार, ९ जून १९९७

दादा,

तर ते बसस्टँडवरचं आता सोडून देऊ. मागच्या तीन पत्रांत मी तेच तेच लिहिलं, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, म्हणजे विषय संपला असं मी धरतो.

आज बातमी आहे. मिशनने माझी बदली केली. शहरातून एकदम वर, उमापात्याला, चार हजार मीटरवर. आपण घरी, एन्कार्नासिओनला घामाने चिकट होऊन अंगणात खाटा टाकायचो ना, आणि इथे सकाळी बादलीतलं पाणी फोडावं लागतं. खरंच फोडावं लागतं, हातोडीने. मला तर मजा आली.

प्रचाराच्या कामातला जोडीदार कासियानो. पेरूचा, असल्याच एका उंचावरच्या गावातला. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार जेवणाबद्दल. पण नियम तुला माहीतच आहे, दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही, त्यामुळे मी बोलतो आणि तो ऐकतो. आमचं छान जमतं.

चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, अकरा माणसं, आणि मागच्या अंगणात सिमेंटची टाकी, बाप्तिस्म्यासाठी. आणि एक वही आहे. आधीच्या प्रत्येक जोडीने गावातल्या घरांबद्दल त्यात लिहून ठेवलंय. कोण दार उघडतं, कोणाचा कुत्रा चावतो, सगळं. मी पहिल्याच रात्री ती पूर्ण वाचून काढली. एका पानावर आहे: ‘तोमासा कोंदोरी. सत्तरीच्या पुढे, विधवा. सगळे धडे झाले. मनापासून तयार. पाणी उबदार होईपर्यंत थांबणे.’ त्याखाली पुढच्या जोडीच्या अक्षरात: ‘अजून थांबणे.’

एप्रिलपासून एक बाई तयार आहे आणि दोन जोड्या नुसत्या थांबून निघून गेल्या. पाणी गार आहे म्हणून. मला खरंच कळत नाही, दादा. घरदार सोडून इतक्या लांब यायचं ते थांबायला? काही जण थांबतात आणि काही जण सातव्या महिन्यात बॅग भरून घरी येतात. तू का परत आलास ते कधीतरी सांग. बाबा अजूनही तुझा विषय निघाला की रेडिओ मोठा करतात.

तुझा,
इसायास


उमापाता, सोमवार, १६ जून

दादा,

भेटलो तिला. तोमासाआजीला.

आम्ही गेलो तेव्हा तिची मुलगी वील्माताई मागच्या माळावर बटाटे तुडवत होती. इथे जूनमध्ये बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, गोठवतात, आणि सकाळी अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात. मग वाळवले की काळे दगड होतात, वर्षानुवर्षं टिकतात. चव विचारू नकोस.

“नवीन का हा?” तिने कासियानोला विचारलं. पाय चालूच. “दात आलेत का याला?”

“एकोणीस वर्षांचा आहे,” कासियानो म्हणाला.

“माझं गाढव पण एकोणीसचं आहे. पण त्याला बरोबर कळतं, कधी घराबाहेर पडायचं नाही ते.”

मी हसलो. मग सरळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, “ताई, आजींचा बाप्तिस्मा आता करून टाकू या. उगाच किती दिवस लांबवायचं?”

ती थांबली. “तिची छाती बघितलीस का तू? रात्रभर खोकते. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं, टाकीतलं पाणी कोमट होतं. तेव्हा बुडव, नाहीतर तळून काढ, मी मध्ये पडणार नाही.”

“देवाच्या कामात थंडी आड येत नाही, ताई.”

“अस्सं? मग तुझ्या देवाला सांग, उद्यापासून माझ्याऐवजी त्याने येऊन बटाटे तुडवावेत.”

आजी भिंतीच्या कडेला उन्हात बसली होती. एवढीशी आहे. दोन लांब पांढऱ्या वेण्या, शेवटी काळ्या लोकरीचे गोंडे, कमरेच्याही खाली येतात. मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, “ओठ निळे पडलेत लेकरा तुझे. खालचा ना तू, गरम मुलखातला?” मग माझे दोन्ही हात आपल्या शालीत घेऊन बसली. मी तिला धर्माचं सांगायला गेलो होतो आणि ती माझी बोटं चोळत होती.

तिने कोकाची पानं चघळायची सोडलीत, दादा. आपल्याकडे चालत नाहीत म्हणून. साठ वर्षांची सवय. वील्माताई म्हणते, ती पानं होती तोवर आईला थंडी वाजत नव्हती. मी म्हटलं, बघा, याला म्हणतात श्रद्धा.

या रविवारी करायचं ठरलंय, २२ तारखेला. आजीनेच हो म्हटलं.

कासियानो नाही म्हणत होता. पण वरिष्ठांचं पत्र आलंय, बावीसलाच जिल्ह्याची प्रार्थनासभा आहे, बाप्तिस्मा झालेल्या सगळ्या गावांची नावं घेणार आहेत. उमापात्याचं नाव वर्षभर कोणी घेतलेलं नाही.

इसायास


उमापाता, सोमवार, २३ जून

दादा,

झालं. काल सकाळी तोमासाआजीचा बाप्तिस्मा झाला. माझ्या हातून पहिला.

आम्ही पहाटेपासून लामाचं शेण जाळून पाणी तापवत होतो आणि टाकीत ओतत होतो. वीस बादल्या तरी असतील. आजी पांढऱ्या झग्यात आली. बाकीचे आत गात होते, बाहेर मी, आजी, आणि साक्षीला कासियानो व म्हातारे देल्फिनकाका. देल्फिनकाकांना एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसऱ्याने कमी दिसतं, पण साक्षीला दोन माणसं लागतात.

सगळं छान झालं. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. वील्माताई आली नव्हती, पण घोंगडी पाठवली होती.

बाबांना कळवलं. ते खूप खूश होतील, नाही का?

आज सान हुआनचा सण. वर्षातली सगळ्यात थंड रात्र म्हणतात, सगळीकडे शेकोट्या, डोळे चुरचुरतायत. कासियानो लवकर झोपलाय. कालपासून तो दहा वाक्यंही बोललेला नाही. दमला असेल.

इसायास


उमापाता, सोमवार, ३० जून

दादा,

आजी आजारी आहे. खोकला आधीपासून होताच, हे मी तुला लिहिलं होतं. लिहिलं होतं ना?

मंगळवारी ताप आला. आरोग्यकेंद्रातली नर्स गावाला गेलेली, गुरुवारी परतली. तिने छातीला नळी लावली, गोळ्या दिल्या आणि म्हणाली, शहरात न्या. ट्रक शनिवारी जातो. शनिवारी आजी उचलून नेण्यासारखी राहिली नव्हती.

आम्ही रोज जातो. वील्माताई निलगिरीचा पाला उकळत असते. मला दारात थांबवते, कासियानोला आत घेते. काल कासियानोने आतून आणलेली राखेची बादली माझ्या हातात दिली. मी ती ओतून आलो. एवढंच काम माझं.

मागच्या पत्रात मी थोडं गाळलं होतं. तुला त्यातलं सगळं माहीत आहे, तूही कोणाला तरी पाण्यात उतरवलंच असशील. आपल्यात माणूस पूर्ण पाण्याखाली गेला पाहिजे. अंगठा वर राहिला तरी धरत नाहीत. आजीला खाली घेतलं तेव्हा तिची एक वेणी वर तरंगली. गोंड्याची लोकर आहे, ती कुठे बुडते. कासियानोने बघितलं. मला दिसलं की त्याने बघितलं. तरी तो म्हणाला, “झालं.” देल्फिनकाका म्हणाले, “झालं.” मी म्हणालो, “नाही झालं. वेणी वर आली.”

म्हणून परत केलं. आणि मग तिचा गुडघा वर आला, म्हणून आणखी एकदा. तीनदा मिळून.

आणखी एक. इथून दोन तासांवर गरम पाण्याचे झरे आहेत. खरे गरम, वाफा येतात. शनिवारचा बाजाराचा ट्रक तिथूनच जातो. कासियानो आधीच म्हणाला होता, आजीला तिथे नेऊ. मीच नाही म्हटलं. म्हटलं, बाजाराच्या दिवशी तिथे लोक बिअर पीत बसतात पाण्यात, दारुड्यांच्या कुंडात कसला बाप्तिस्मा. तो म्हणाला, “पाणी गरम आहे, ब्रदर.” बस, एवढंच म्हणाला.

पण आम्ही वीस बादल्या गरम पाणी घातलं होतं.

प्रार्थना कर तिच्यासाठी. तू आता करत नाहीस हे माहितीये. तरी कर.

इसायास


उमापाता, सोमवार, ७ जुलै

दादा,

तुझं पार्सल शुक्रवारी मिळालं. मी दोन वर्षांत तुझं अक्षर बघितलं नव्हतं. ‘बदलीचं आईकडून कळलं. पाणी फोडताना हे घाल. मजा लवकर संपते.’ आणि मोजे. हाताचे. हे तर तेच आहेत, तू तुझ्या मिशनवरून, चिलेहून घेऊन आला होतास ते. बसमधून उतरलास तेव्हा आपल्याकडे चाळीस डिग्री होतं आणि तुझ्या खिशातून हे बाहेर लोंबत होते.

पार्सल उघडलं तेव्हा आम्ही पुरून परत आलो होतो. आजी गुरुवारी सकाळी गेली. तीन तारखेला.

मी रडलो नाही. कबरीजवळ मला दोन शब्द बोलायला सांगितले, मी बोललो. ती आता नवऱ्याजवळ आहे, वगैरे. वील्माताई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसतं बघत होती. आपण बाजारात एखादी वस्तू उलटसुलट करून बघतो ना, तसं.

वरिष्ठांचं पत्र त्याच टपालाने आलं. सभेत माझं नाव घेतलं म्हणे. आजी आजारी असल्याचं कासियानोने त्यांना कळवलं होतं, तर त्यावर लिहिलंय, ‘सगळं ईश्वराच्या इच्छेने होतं. बहिणीचं तारण वेळेवर झालं याचा आनंद माना.’ आणि माझी परत बदली. खाली, गरम मुलखात. शुक्रवारी अकरा तारखेला सकाळी गाडी येईल. कासियानो इथेच राहणार, त्याला दुसरा जोडीदार मिळेल.

वेळेवर. हा शब्द मी चार दिवस वाचतोय.

दादा, मी लिहिलं होतं की आजीनेच हो म्हटलं. ते खरं आहे. पण त्याआधी ती तीनदा नाही म्हणाली होती. म्हणाली, “मला घाई नाही लेकरा. पाणी कुठे पळून जातंय? सत्तर वर्षं थांबले, चार महिन्यांनी काय होतंय?” आणि मी म्हणालो, “आजी, उद्या कोणी पाहिलाय?” असं हसत हसत म्हणालो. मग म्हणालो, “मध्येच काही झालं तर आजोबा तिकडे वाट बघत राहतील.” तेव्हा तिने शाल घट्ट ओढून घेतली. मग हो म्हणाली.

काल वील्माताई चर्चच्या दारात आली. पहिल्यांदाच. आत नाही आली. इथे माणूस गेल्यावर आठव्या दिवशी घरचे लोक त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतात. सगळे, अगदी शेवटच्या चिंधीपर्यंत, नाहीतर गेलेला माणूस त्यासाठी परत येतो म्हणतात. आपल्याला असल्या विधींना जायची परवानगी नाही.

ती म्हणाली, “शुक्रवारी धुणं आहे.”

मी म्हटलं, “ताई, आमच्यात चालत नाही. आणि शुक्रवारी सकाळी माझी गाडी आहे.”

“माझ्या आईला पाण्यात घातलंस ते तुमच्यात चालतं. आता तिचे घागरे पाण्यात घाल म्हटलं तर चालत नाही.” तिने आवाज अजिबात चढवला नाही. “ये नाहीतर नको येऊ. घरातला माणूस कमी आहे म्हणून विचारलं. पिळायला दोन माणसं लागतात.”

कासियानोला विचारलं काय करू. तो म्हणाला, “गाडी चुकवलीस तर थेट घरी पाठवतील.” मग म्हणाला, “मी तर धुणं धुवायला जाणार आहे.”

इसायास


उमापाता, शुक्रवार, ११ जुलै

दादा,

आज सोमवार नाही. सोमवारशिवाय लिहायचं नसतं, पण आता त्या नियमाचं काय.

गाडी सकाळी सातला आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, दोनदा, मग तिसऱ्यांदा. मी नदीच्या वाटेवर होतो, ऐकू येत होतं. मागे वळून बघितलं नाही. बॅग भरून दारात ठेवलेली होती, ती तशीच आहे.

नदीच्या कडेला बर्फाचा पापुद्रा होता. वील्माताई, तिचे दोन चुलतभाऊ, कासियानो आणि मी. आजीचे सात घागरे निघाले. सात. एकावर एक घालायची ती, म्हणून तेवढी तरी दिसायची. मी तुझे मोजे काढून खिशात ठेवले आणि हात पाण्यात घातले.

तुला माहीत असणार ते. मला माहीत नव्हतं. त्या दिवशी टाकीत मी उभा होतो, पण तेव्हा मी काहीतरी मोठं करत होतो ना, माझं अंगाकडे लक्षच नव्हतं. आज नुसते हात होते पाण्यात. आधी दुखतं, मग जळतं, मग बोटं दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागतात. मी पन्नासपर्यंत मोजलं आणि बाहेर काढले. पन्नासही नाही, चाळीस.

वील्माताई म्हणाली, “काय झालं ब्रदर? वीस बादल्या गरम पाणी आणू?”

तिचा चुलतभाऊ हसला. मीही हसलो असतो, पण जबडा हलत नव्हता.

मग घागरे पिळायला घेतले. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, ती उजवीकडे पीळ देते, मी डावीकडे. जाड लोकर, पाणी संपतच नाही. बाकीचे लांब वाळूवर कपडे पसरत होते. तेव्हा ती बोलली, घागऱ्याकडेच बघत.

“आई तापात सारखी गुडघ्यांचं बोलत होती. माझे गुडघे ऐकत नाहीत, म्हणायची. त्या पोराला माझ्यामुळे परत परत थंडीत उभं राहावं लागलं. त्याला सांग, माझ्यावर रागावू नको. शेवटच्या दिवशी पण तेच. मला म्हणाली, तू मला आधीच गुडघे चोळून दिले असतेस तर असं झालं नसतं.” तिने पीळ आणखी आवळला. “मी नाही दिले चोळून. मी रुसून घरात बसले होते. आता तूच सांग, खरंच तिचे गुडघे वर आले होते?”

दादा, मी ‘हो’ म्हणालो.

आता तुला जे लिहितोय ते कोणालाच माहीत नाही. तुलाही मी खोटंच लिहिलं होतं. वेणीचं खरं आहे. दुसऱ्यांदा मी वेण्या तिच्या झग्यात खोचल्या आणि खाली घेतलं. ती पूर्ण गेली. केस, गुडघे, सगळं. नीट झालं होतं. पण माझे दात वाजत होते आणि प्रार्थनेतली एक ओळ माझ्याकडून सुटली. मी हळू म्हणत होतो, कोणाला कळलं नाही. फक्त मला कळलं. शब्द पूर्ण नसतील तर बाप्तिस्मा लागू होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. आणि मला वाटलं, माझा पहिलाच, आणि तो अर्धवट राहणार. चूक माझी आहे असं म्हणायला पाहिजे होतं. तेवढंच. कासियानो टाकीच्या काठावर टॉवेल घेऊन उभा होता आणि मी त्याला म्हणालो, “गुडघा वर आला.”

आजी माझा दंड धरून उभी होती. तिचा रंग बदलला होता. ती म्हणाली, “माफ कर लेकरा, म्हातारे गुडघे.”

आणि मी म्हणालो, “हरकत नाही, आजी.”

मी तिला माफ केलं, दादा. आणि परत खाली घेतलं.

आता संध्याकाळ झालीये. हातांना भेगा पडल्यात म्हणून अक्षर असं येतंय. उद्या बाजाराचा ट्रक आहे, त्याने खाली जाईन, मग ते मला घरी पाठवतील. बसस्टँडवर मी तुला म्हटलं होतं, मी असतो तर मेलो असतो पण परत आलो नसतो. तुझ्या हातात बॅग होती आणि तू काही बोलला नाहीस. तू का परत आलास ते आता मला नको सांगूस. म्हणजे सांगायचं असेल तर सांग, पण मी विचारणार नाही.

हे पत्र माझ्या आधी पोचेल की माझ्याबरोबरच येईल, माहीत नाही. पण मला आजच ठरवायचंय. आज धुण्याचं जेवण आहे, वील्माताईने बोलावलंय. सगळ्यांसमोर माझ्या ताटात तेच काळे बटाटे वाढेल आणि म्हणेल, खा, तुझ्या दातांना काम. ती आता माझ्याशी चांगली बोलते. आणि तिला वाटतंय की आपण आईचे गुडघे चोळून दिले असते तर आई वाचली असती.

कासियानोला नेमकं काही न सांगता विचारून बघितलं, की समजा एखाद्याला असं काही माहीत असेल तर. तो म्हणाला, “गुडघा मी बघितला नव्हता, ब्रदर. पण तू म्हणालास, म्हणून मी धरून चाललो.” आणि पाणी तापवायला गेला.

सांगितलं तर तिच्या डोक्यावरचं ते ओझं जाईल. पण मग तिची आई एका सुटलेल्या ओळीसाठी गेली हे तिला आयुष्यभर घेऊन राहावं लागेल, आणि मी तर उद्या ट्रकमध्ये बसून निघून जाणार, हलका होऊन. नाही सांगितलं तर ती दर हिवाळ्यात त्या माळावर बटाटे तुडवताना स्वतःच्याच पायांकडे बघत राहील.

तू माझ्या जागी असतास तर आज जेवताना तिला सांगितलं असतंस का, दादा?

इसायास